तोकुजीचं निशाण ओनोदानीला पोचवताना

शनिवार, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. क्योतो स्टेशन, उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांचा फलाट, सकाळ.

हजर: मी, सुनीता निमकर, मुक्काम टोकियोजवळचं उरायासु. मुग्धा सोमण, क्योतोच्या विद्यापीठात जुन्या जपानी हस्ताक्षरांवर पीएच.डी. करणारी. ओकुदा-सान, आमच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या सुलेखनाच्या शिक्षिका. आणि माझ्या पिशवीत, मऊ कागदात गुंडाळलेलं, शिओमी तोकुजीचं निशाण.

"काकू, निशाणाला हजेरीत कशाला धरता?" मुग्धाने माझ्या वहीत डोकावून विचारलं. "त्याचं तिकीट काढलंय का?"

"मुख्य पाहुणा तोच आहे. आपण पोचवायला चाललोय."

ओकुदा-सानना मी हे जपानीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या पिशवीकडे बघून त्यांनी मान किंचित झुकवली आणि खिडकीजवळची जागा पिशवीसाठी मोकळी ठेवली.

आधी हे निशाण काय ते सांगते. गेल्या महायुद्धात जपानी तरुण लढाईवर निघाला की घरचे, शेजारचे, शाळेतले लोक जपानच्या झेंड्यावर सह्या करून त्याला देत. मधला लाल सूर्य, आणि त्याच्याभोवती किरणांसारखी लिहिलेली नावं. अशा झेंड्याला इथे योसेगाकी (सगळ्यांनी मिळून लिहिलेलं) म्हणतात. शिपाई तो घडी करून गणवेशाच्या आत, पोटाशी बांधत. पुष्कळसे शिपाई परतले नाहीत. त्यांचे झेंडे मात्र समोरच्या फौजेतल्या लोकांच्या सामानातून जगभर गेले.

हा झेंडा सातारा जिल्ह्यात गेला होता. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात अमोल जगदाळे नावाचा इंजिनियर आहे. त्याचे आजोबा, हवालदार दादू जगदाळे, मराठा पलटणीतून ब्रह्मदेशात लढले आणि येताना हे निशाण घेऊन आले. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आता अमोलच्या आईचं, शालनवहिनींचं म्हणणं होतं की ज्याचं आहे त्याच्या घरी जाऊ दे. गणपतीत आमच्याकडे जेवायला आला तेव्हा अमोलने फोनवर त्याचा फोटो दाखवला. "काकू, तुम्हाला वाचता येतं ना जपानी? कोणाचं आहे तेवढं सांगा."

तेवढं सांगायला दोन महिने गेले. मी ऑफिसात भाषांतरं करते, पण छापील. निशाणावरचं लिखाण म्हणजे जपानी मोडीच म्हणा, हात न उचलता लिहिलेलं. म्हणून क्योतोहून व्हिडिओ कॉलवर मुग्धा आली, आणि मुग्धाचं कुठे अडलं की ओकुदा-सान. फोटो मोठा करून छापला, प्रत्येक सहीला क्रमांक दिला, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं.

वरची चार मोठी अक्षरं सोपी असतात. जवळजवळ प्रत्येक निशाणावर तीच: युद्धातलं भाग्य चिरकाल टिको. त्यानंतर ज्याला निशाण दिलं त्याचं नाव शोधायचं. ते इतरांपेक्षा मोठं असतं आणि पुढे मुलग्यांना लावतात तो 'कुन' असतो. शिओमी तोकुजी-कुन. पण गाव? गाव कोणी लिहिलं नव्हतं. सगळे एकाच गावचे, गाव कशाला लिहितील? मुग्धाने आडनावांवरून माग काढला. शिओमी आणि ओत्सुकी, या दोनच आडनावांची गर्दी होती. आपल्याकडे एखाद्या गावात सगळे जाधव आणि सगळे मोरे असावेत तशी. ही दोन आडनावं क्योतोच्या उत्तरेला, ताम्बा भागातल्या डोंगरांत एकवटलेली आहेत. तिथल्या देवळांना आम्ही निशाणाचा छोटा फोटो जोडून पत्रं पाठवली. एका भटजींचं उत्तर आलं की ओनोदानी नावाच्या खोऱ्यात शिओमी तोकुजी या नावाचे दोघे जण लढाईवर गेले होते आणि दोघेही आले नाहीत. एकाचं घर संपलं. दुसऱ्याची धाकटी बहीण फुमि-सान अजून तिथेच राहते, वय नव्वदीच्या पुढे. तिचा निरोप असा होता: आणा. माझ्या भावाचं असेल तर मला कळेल.

एका खुणेचा उलगडा मात्र झाला नव्हता. खालच्या कोपऱ्यात काळा, लांबट ठिपका. मुग्धा म्हणाली लहान मुलाने काढलेलं अर्धवट अक्षर. ओकुदा-सान म्हणाल्या शिक्का असेल. मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं.

दिवाळीच्या रजेवरून परत येताना अमोलने खरं निशाण आणलं. मी आणि ओकुदा-साननी ते माझ्या टेबलावर उघडलं, आणि त्यांनी हात मागे घेतला.

फोटोत कापडावर ठिकठिकाणी पिवळट डाग होते. जुनं कापड, पिवळं पडणारच, म्हणून आम्ही त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. समोरच्या कापडावर डाग त्याच जागी, त्याच आकाराचे होते. पण लाल. वाळलेला, तपकिरीकडे झुकणारा लाल.

"फोटोत हे पिवळे होते," ओकुदा-सान हळूच म्हणाल्या.

"अमोलचा फोन जुना आहे," मी म्हटलं. "उजेड पिवळा असेल."

त्यांनी वाद घातला नाही. कागद गुंडाळताना मात्र त्यांनी मला मदत केली नाही, आणि त्या बाईंना मी कधी मदत न करता बसलेलं पाहिलेलं नाही.

तर आमची गाडी निघाली. क्योतो सोडल्यावर दरी लागते. बोगदा, मग खाली हिरवी नदी, पुन्हा बोगदा. चौथ्या की पाचव्या बोगद्यातून बाहेर आलो आणि बाहेर काहीच नव्हतं. धुकं. ताम्बाचं हे धुकं प्रसिद्ध आहे, थंडी सुरू झाली की खोरी दुपारपर्यंत त्यात बुडालेली असतात. स्टेशनवर घेतलेले डबे आम्ही त्या पांढऱ्या खिडकीशी बसून खाल्ले. चेस्टनट घातलेला भात, लोणच्याच्या चकत्या, आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या काळ्या सोयाबीनच्या शेंगा. या शेंगा फक्त या दिवसांत मिळतात आणि आपल्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारख्याच, थांबवत नाही.

पुढे एका डब्याची गाडी, मग बस. बसमध्ये आम्ही तिघीच. चालक पोक्त वयाचे होते. आरशातून बघत त्यांनी विचारलं, "ओनोदानीत कोणाकडे?"

"शिओमींकडे."

"कुठल्या? तिथे सगळेच शिओमी."

"फुमि-सान."

"असं होय. राहते खरी ती." मग उतरताना म्हणाले, "एक करा. हाका मारू नका. हाका मारल्या की तिथे उत्तर येतं."

मुग्धा हसली. ते हसले नाहीत. बस वळून गेली, आणि तिचा आवाजही धुक्यात लगेच बुडाला.

रस्ता एकच होता, चढाचा. दोन्ही बाजूंना घरं. चांगली, भक्कम, कौलारू घरं, आणि प्रत्येकाचं दार बंद. झाडांवर पिकलेली पर्सिमॉन (टोमॅटोसारखी दिसणारी नारिंगी फळं) तशीच लटकत होती, कोणी काढली नव्हती. खाली पडलेली कुजून रस्त्याला चिकटली होती. फाटकांच्या खांबांवर मात्र नावाच्या पाट्या शाबूत. मी पिशवीतून सह्यांची यादी काढली, ती प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली होती, आणि सवयीने जुळवायला लागले. ओत्सुकी त्सुनेओ, यादीत आहे. शिओमी कानजी, आहे. शिओमी मासा, आहे. पुढचं घर, आहे. त्याच्या पुढचं, आहे. पेन्सिलीने खुणा करता करता माझा हात थांबला. एखादं नाव सापडावं म्हणून आपण शोधतो. इथे न सापडणारं एकही नव्हतं.

एका पाटीसमोर ओकुदा-सान थांबल्या. लाकडावर कोरलेलं नाव. यादीतली तीच सही त्यांनी शेजारी धरली. शेवटच्या रेघेला खालून वर घेतलेला एक झटका दोन्हीकडे होता.

"हाच हात," त्या म्हणाल्या. "पाटीसाठी यांनी स्वतःच लिहून दिलं असणार. मी दोन महिने यांचं अक्षर वाचत होते. आज घरी आले."

"गोमेन कुदासाई!" मुग्धाने त्या बंद दाराकडे तोंड करून हाक मारली. कोणी आहे का घरात, असं इथे म्हणतात. मला वाटतं तिने गमतीने मारली असावी.

डोंगराकडून उत्तर आलं. बाईने गळा फाडून ओरडावं तसं, लांबलचक, शेवटी चिरकत गेलेलं. मुग्धाने माझा दंड धरला तो सोडला नाही.

"हरीण," ओकुदा-सान म्हणाल्या. "नर. या दिवसांत असंच ओरडतात." मग जरा वेळाने, "तरी आपण बोलणं कमी करू या."

वळणावर मोटारींसाठी लावलेला गोल आरसा होता. त्यात धुकं, रस्ता आणि आम्ही दिसत होतो. मी मोजलं, कारण मी नेहमी मोजते. आम्ही तिघी होतो आणि आरशात चौघी होत्या.

"निमकर-सान का?" चौथी म्हणाली. मागून रबरी बूट घालून आलेली पन्नाशीची बाई. फुमि-सानच्या भाच्याची बायको, योशिए-सान. खालच्या गावात राहते, रोज मोटारीने वर येऊन म्हातारीचं बघते. "माफ करा, घाबरवलं का? इथे पावलांचा आवाज येत नाही. शेवाळ फार."

फुमि-सान छोटी, ताठ, कानांनी तिखट. आम्ही आत गेलो तेव्हा त्या देव्हाऱ्याशी बसल्या होत्या. भिंतीवर गणवेशातल्या मुलाचा फोटो होता. कान जरा मोठे, ओठ घट्ट मिटलेले. आधी हात धुवायला लावले. मग उदबत्ती. मग आमच्यापैकी कोणाकडे न बघता त्या माझ्या पिशवीसमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "ओकाएरी." शाळेतून, ऑफिसातून घरी आलेल्या माणसाला म्हणतात तो शब्द. आलास का.

मी निशाण काढलं. वरच्या घडीवर नाव होतं, तेच दाखवावं म्हणून मी ते त्यांच्याकडे केलं. त्यांनी नावाकडे पाहिलंच नाही. "नाव दोघांचं तेच होतं," त्या म्हणाल्या. "खालचा डावा कोपरा दाखवा."

मी कोपरा उलगडला. काळा, लांबट ठिपका.

त्यांनी आपला अंगठा त्याच्या शेजारी टेकवला. "रेशमावर लिहायचं तर कापड ताणून धरावं लागतं. लोक एकेक करून लिहायला येत होते आणि हा कोपरा धरायचं काम माझं. दिवसभर धरला. मध्येच हाताला शाई लागली. आई रागावली, निशाण खराब केलंस म्हणून. दादा म्हणाला, राहू दे, ही फुमिची सही." त्यांनी अंगठा उचलला. "हे माझ्या दादाचं."

ओकुदा-सान डोळे पुसत होत्या. मुग्धाने पटकन वहीत लिहून घेतलं, प्रश्नचिन्ह खोडलं. आता राहिलं काय? उरलेली घडी उघडायची, फोटो काढायचे, चहा घ्यायचा. मी घडी उघडली.

फुमि-सानची नजर लाल डागांवर गेली.

"फोटोत हे नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत त्यांनी योशिए-सानला देव्हाऱ्याचा खण उघडायला सांगितला. आत एक घडी पडलेला कागद होता, सरकारी. शिओमी तोकुजी, तापाने, लष्करी दवाखान्यात. "आईने हा रोज वाचला. म्हणायची, बिछान्यावर गेला. कोणीतरी कपाळावर ओला रुमाल ठेवला असेल. आई तेवढ्यावर जगली आणि तेवढ्यावर गेली. मी तिला जाताना तेच सांगितलं." त्यांनी लाल डागांकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "बिछान्यावर तापाने गेलेल्या माणसाला हे कुठून? हे बाहेर न्या."

"ओबासान (आत्याबाई)!" योशिए-सान लाजली. "इतक्या लांबून आल्यात त्या."

"चहा द्या त्यांना. हे बाहेर न्या."

मी निशाण ओसरीवर ठेवलं. धुकं ओसरीच्या काठापर्यंत आलेलं होतं. माझ्यासारख्या बाईला अशा वेळी एकच सुचतं, जी माहिती नाही ती मागवायची. फोनला रेंज नव्हती. योशिए-सान म्हणाली, वर स्मशानात येते.

घरामागून पायवाट होती. वर थडग्यांच्या रांगा, खाली धुक्यात बुडालेली कौलं. शिपायांची थडगी इथे वेगळी ओळखू येतात, उंच आणि टोकाला निमुळती, पेन्सिलीसारखी. अशी एकाशेजारी एक उभी होती. पहिल्यावरचं नाव माझ्या यादीत होतं, दुसऱ्यावरचंही. खाली सह्या करणाऱ्यांची घरं आणि वर सह्या करणारे. मी यादी पिशवीत टाकली आणि साताऱ्याला फोन लावला.

"शालनवहिनी, सुनीता बोलतेय जपानहून. निशाणावर डाग कसले आहेत?"

"डाग? अहो डाग कसले, हळद-कुंकू ते! दर दसऱ्याला मामंजींच्या तलवारीबरोबर त्याचीही पूजा असायची ना. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हळद लावतेय. त्याच्या आधी सासूबाई."

"पण ते लाल झालेत."

"ते होय... मीच जरा साबण लावला हो. परदेशी पाठवायचं, पिवळं पिवळं बरं दिसत नाही, म्हटलं काढावं थोडं. तर मेलं लालच झालं! खळबळून काढायची भीती वाटली, शाई जाईल म्हणून. तसंच सावलीत वाळवलं. काही बोलले का ते लोक?"

मी कपाळावर हात मारून घेतला. हळदीच्या साडीला साबण लावून ती लाल करून घेतलेली नाही अशी मराठी बाई शोधून सापडायची नाही. मी स्वतः लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरचा टॉवेल असा घालवला होता. आणि दोन आठवडे हे कापड घरात ठेवून मी अमोलच्या फोनला नावं ठेवत होते.

"एक सांगायचं होतं, मामंजी नेहमी..." वहिनी म्हणत होत्या.

"नंतर बोलते वहिनी, इथे घाई आहे," म्हणून मी फोन ठेवला आणि धावत खाली आले.

हळदीला जपानीत उकोन म्हणतात. योशिए-सानच्या मोटारीत ती होतीच, पुड्यांत. "नवरा दारू प्यायला की सकाळी घेतो," ती म्हणाली. "रोज सकाळी घेतो." मी माझा पांढरा रुमाल पसरला, हळद कालवून लावली, वर साबण चोळला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती लाल झाली. ओकुदा-सान चक्क "आ!" म्हणाल्या. मग त्यावर व्हिनेगरचा थेंब सोडला. पिवळी.

फुमि-सान रुमालावर वाकल्या. "त्या घरात यावर उकोन लावायचे? कशासाठी?"

"आमच्याकडे मान द्यायचा तर लावतात. देवाला, नवरीला, वर्षातून एकदा घरातल्या हत्यारांना."

त्या उठल्या आणि आतल्या कपाटाशी गेल्या. एक पिवळं कापड घेऊन आल्या. आत त्यांच्या आईचा किमोनो होता. इथे जपून ठेवायच्या वस्तू हळदीत रंगवलेल्या कापडात गुंडाळतात, कसर लागत नाही म्हणून. हे मला इतकी वर्षं इथे राहून ठाऊक नव्हतं.

"म्हणजे जपून ठेवलं त्याला," फुमि-सान म्हणाल्या. "निशाणावर तेच करा. व्हिनेगर."

"नको!" ओकुदा-सान घाईने म्हणाल्या. "जुनं रेशीम आहे, शाई आहे. आधी तज्ज्ञांना..."

"माझं आहे ते," फुमि-सान म्हणाल्या.

मग निशाण पुन्हा आत आलं. ओकुदा-साननीच ब्रश घेतला, आमच्यापैकी कोणाचा हात तसा स्थिर नव्हता. तांदळाच्या व्हिनेगरमध्ये टोक बुडवून, शाई टाळून, एकेका डागावर. पहिला पिवळा झाला. दुसरा पिवळा झाला. सूर्याच्या कडेचा, नावाच्या खालचा, घडीतला. खोलीला आंबूस वास आला. योशिए-सानने टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. फुमि-सानचा चेहरा सैल होत गेला, त्या मध्येच म्हणाल्या, "दादा आंबट खायचा नाही, त्याला हे आवडायचं नाही," आणि आम्ही सगळ्या हसलो.

शेवटचा डाग मधल्या घडीवर होता, तळहाताएवढा. ओकुदा-साननी ब्रश टेकवला. थांबल्या. पुन्हा बुडवून टेकवला. बाजूचं कापड ओलं झालं. डाग तसाच राहिला.

माझ्या मनात लगेच कारणं तयार झाली. साबण जास्त लागला असेल, कुंकू असेल. मी फोटो काढून ताडून पाहिला. बाकीचे सगळे डाग फोटोत पिवळे होते. हा तेव्हाही तपकिरी होता. आम्ही त्याला घडीची सावली समजलो होतो.

बाहेर एकदम गाणं सुरू झालं. खांबावरच्या कर्ण्यांतून, मुलांना घरी परता सांगणारी संध्याकाळची धून. जपानभर वाजते. पण इथे खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घरी परतायला एकही मूल नव्हतं, आणि ती पूर्ण वाजली.

गाणं संपेपर्यंत फुमि-सान डागावर हात ठेवून बसल्या होत्या. "हा उकोन नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी निशाणाची घडी घातली, आईच्या किमोनोचं पिवळं कापड सोडवून त्यात ते गुंडाळलं आणि देव्हाऱ्यासमोर ठेवलं.

"थडग्यात एक खडा आहे," त्या मला म्हणाल्या. "हाडं आली नाहीत, डब्यात खडा आला. वसंतात हिगान (पितरांचे दिवस) असतात, तेव्हा भटजी थडगं उघडतील आणि हे आत ठेवतील. त्याच्या आधी मला एक कळायला हवं. त्या शिपायाला तो कुठे भेटला? घरच्यांना काही सांगितलं असेल. तुम्ही विचारा."

"विचारते."

"मला बरं वाटेल असं नको. असेल ते लिहा."

योशिए-सानने आम्हाला स्टेशनपर्यंत मोटारीने सोडलं. वाटेत तिने रानडुकराचं मांस घातलेलं गरम सूप पाजलं, मुग्धा आणि मी नुसता पातळ रस्सा घेतला. परतीच्या गाडीत पिशवी रिकामी होती. ओकुदा-साननी तरी खिडकीजवळची जागा मोकळी सोडली होती, आणि आम्हा कोणालाही तिथे बसावंसं वाटलं नाही.

रविवारी संध्याकाळी उरायासुहून मी वहिनींना फोन केला.

"तेच तर सांगत होते मी," त्या म्हणाल्या. "हळद-कुंकू आम्ही बायका लावायचो, पण त्याच्यापुढे पाण्याचं फुलपात्र मामंजी स्वतः ठेवायचे. कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा तेच बघायचे. पाणी जरा उतरलेलं दिसलं तर म्हणायचे, प्यायला. मग दिवसभर नीट असायचे."

"का?"

"तो जिवंत होता म्हणे. झाडाला टेकून बसलेला, पोटाला लागलेलं, हातांनी हे कापड दाबून धरलेलं. पाणी मागत होता. भाषा कळत नव्हती, पण पाणी मागतोय एवढं कळतंच ना माणसाला. मामंजींच्या बाटलीत होतं पाणी. पुढे कुठे मिळेल ठाऊक नव्हतं. दिलं नाही. पुढे गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत आले तर तसाच बसलेला, डोळे उघडे. तेव्हा हे कापड काढून घेतलं. भीतीने पूजा करायचे हो ते. मानाने नाही. तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

मी मान म्हणूनच सांगितलं होतं.

प्रवासावरून आले की मी हिशेब मिटवते, आभाराची पत्रं टाकते, फोटो लावते, वही बंद करते. तेव्हाच प्रवास संपतो असं मी मानत आले. या वेळी सगळं झालं. योशिए-सानला चिवडा पाठवला, भटजींना फोटोंच्या प्रती, मुग्धाला तिच्या कामासाठी सह्यांचं पूर्ण भाषांतर, क्रमांकांसह. ते भाषांतर वाचलं तर फार सरळ आहे. नावं, आणि वर एकच शुभेच्छा. एवढी माणसं एका मुलासाठी एकच गोष्ट मागत होती. ती मिळाली नाही, हे वाचायला मोडी यावी लागत नाही. जे कापडावर लिहिलेलं नव्हतं तेच नेमकं मला आता लिहायचं आहे.

मी मुग्धाला विचारलं. ती म्हणाली, "काकू, त्यांनी असेल ते लिहा म्हटलंय." ओकुदा-सानना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाणी दिलं नाही, हे लिहिता येईल असा सभ्य शब्द आमच्या भाषेत नाही. साधाच शब्द वापरावा लागेल."

जपानी पत्राची सुरुवात ऋतूने करायची असते. नोव्हेंबरात मी कागद घेऊन बसले आणि पहिली ओळ लिहिली: तुमच्या खोऱ्यात आता धुकं दाट असेल. ती तशीच राहिली आणि शिळी झाली. जानेवारीत नवा कागद घेऊन लिहिलं: वाटेवर बर्फ असेल, जपून चाला. तोही कागद गेला. आज आमच्या इमारतीखालच्या प्लमच्या झाडाला कळ्या दिसल्या, म्हणून पुन्हा नवा कागद काढला आणि लिहिलं: प्लमला कळ्या आल्या आहेत, हिगान जवळ आले. ओळ छान उतरली आहे. ओकुदा-साननी अक्षरही बरं आहे म्हटलं.

दुसरी ओळ लिहायची आहे.